पाळते की राखते

बाईंचा आवाज गेला आणि त्यापाठोपाठ त्यांची शाळाही गेली. भरल्या वर्गात वर्षानुवर्षं घसा ताणून त्यांनी भाषा शिकवली होती. शेवटी डॉक्टरांनी बजावलं की बोलायचंच असेल तर समोरच्या एकट्याला ऐकू जाईल इतकंच बोला. तेव्हापासून त्या घरीच एकेका विद्यार्थ्याला शिकवत. घर म्हणजे फोटोफ्रेमच्या दुकानावरची एक खोली. खालून बारीक खिळे ठोकल्याचा आवाज यायचा, वर बाईंची कुजबूज चाललेली असायची. वरच्या वर्गातली हुशार मुलं त्यांच्याकडे कथा-कवितांवर निबंध लिहायला शिकत. मुलांनी त्यांचं नाव पाडलं होतं ‘कुठंय-बाई’. कुणी काहीही लिहून आणलं की त्या त्यावर बोट ठेवून विचारत, “हे कुठंय? दाखव.”

चिमी त्यांच्याकडे आली तेव्हा वर्गात पहिली होती. चिमी हे घरातलं नाव. प्रत्यक्षात ती इतकी उंच की बाईंच्या दारातून आत यायला तिला मान वाकवावी लागायची. तिचा पहिला निबंध एका कथेवर होता. त्यात बरीच वर्षं बेपत्ता असलेला मुलगा घरी परततो, जेवताना सगळे त्याला प्रश्नांनी भंडावून सोडतात, आई मात्र एक अक्षर विचारत नाही. चिमीने लिहिलं होतं, ‘आईच्या मौनातून लेखकाने मातृहृदयाचे विदारक दर्शन घडवले आहे.’

“हृदय कुठंय?” बाईंनी विचारलं. “मला तर नुसती ताटं दिसताहेत.”

चिमीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असंच बाईंना वाटलं होतं. पण ती आली, आणि ताटांकडे बघायला लागली. काका प्रश्न विचारतो तेव्हा आई पाणी वाढते. बहीण विचारते तेव्हा आई भांडं पाडते. असं एकेक करत हिवाळा सरेपर्यंत चिमीचे ‘विदारक’ आणि ‘हृदयस्पर्शी’ गळून पडले. वर्षअखेरीचा निबंध तिने त्याच कथेवर नव्याने लिहिला. त्याचे गुण अंतिम निकालात धरले जाणार होते.

आणि तिथेच घोडं अडलं. भाषेच्या सरांनी निबंध वाचला आणि तो गुण न देताच मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. हे मुलीचं लिखाण नाही, शिकवणीवाल्या बाईंचं आहे, असं त्यांचं म्हणणं. तसं ठरलं असतं तर निबंध रद्द झाला असता, वर विद्यापीठासाठी शाळेचं शिफारसपत्रही मिळालं नसतं. शाळेने चिमीच्या वडिलांना बोलावलं आणि बाईंनाही.

बाई आपल्या जुन्या शाळेच्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकत होत्या ते आवाज गेल्यापासून पहिल्यांदाच. मुख्याध्यापिकांच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. चिमीचे वडील तिला घेऊन आधीच येऊन बसले होते. त्यांचं औषधांचं दुकान होतं. ते बंद ठेवून आले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पण नमस्कार केला नाही.

सरांनी निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवलं. “‘आई शांतता राखते, पहारेकरी दार राखतो तशी, प्रश्न आत येऊ नयेत म्हणून.’ हे तुझं आहे?”

त्या वाक्याच्या वेळी बाई आणि चिमी कितीतरी वेळ बोलत होत्या. त्यातलं कोण काय म्हणालं, बाईंना खरंच आठवेना. आपणच बोलून गेलो असू तर?

वडिलांचा पाय खुर्चीखाली हलायला लागला.

“मी ‘शांतता पाळते’ असं लिहिलं होतं,” चिमी म्हणाली. “बाईंनी विचारलं, पाळते की राखते? मी राखते घेतलं. मग मला पहारेकरी सुचला.”

“म्हणजे शब्द त्यांचा,” सर म्हणाले.

“हो. तो शब्द त्यांचा.”

“आणखी असे किती?”

“मला नाही सांगता येणार, सर. आम्ही बोलायचो.”

वडिलांनी डोळे मिटून घेतले. मुलीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मुख्याध्यापिकांनी बाईंना विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?”

“ती सांगते ते खरं असणार,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की मुख्याध्यापिकांना पुढे वाकावं लागलं. “लिहिलं तिनेच. पण तो शब्द मी पुढे केला. तेवढा दोष माझा धरा.”

मुख्याध्यापिका उठल्या. त्यांनी कपाटातून एक जुनं मासिक काढलं, त्यातली छोटीशी गोष्ट शोधली आणि चिमीपुढे ठेवली. “ही तू वाचलेली नाहीस. शेजारच्या खोलीत बस आणि हिच्यावर लिही. सर समोर बसतील.”

कुणी रोखून बघत असलं की ही पोर बावरते आणि बावरली की पुन्हा त्या जडजंबाल शब्दांच्या आडोशाला जाते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तसं सांगावं, तर ती पळवाट वाटली असती.

बाहेरच्या बाकावर बाई आणि वडील शेजारी शेजारी बसले. दाराला काचेची अरुंद पट्टी होती. तिच्यातून चिमीची पाठ आणि पांढरा कागद दिसत होता.

“माझी मुलगी खोटं बोलत नाही,” वडील म्हणाले. “तुमचं मला माहीत नाही.”

बाईंनी मान हलवली.

आत चिमीने भराभर लिहायला घेतलं. बाईंना धीर यायच्या ऐवजी धडकीच भरली. इतक्या भराभर ती फक्त पाठ केलेलंच लिहायची. मग तिचा हात थांबला. बराच वेळ थांबला. सर उठून खिडकीशी गेले, परत आले, तिच्यामागे उभे राहिले. चिमीची मान आणखी खाली गेली. वडील ताडकन उठून काचेपाशी गेले.

“ती लिहीत नाहीये,” ते म्हणाले.

“वाचत असेल.”

“किती वेळ वाचणार?”

बाईंनी त्यांना हाताने बसायची खूण केली. चिमीने पेन उचललं आणि लिहिलेल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. मग पुन्हा लिहायला लागली, सावकाश, अडखळत, मध्येच मासिकाकडे बघत.

सरांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला. गोष्ट दोन बहिणींची होती. वडील गेल्यावर त्या त्यांचं कपाट आवरतात आणि आवरता आवरता हसतात. खोडलेल्या भागात ‘जीवनाचे भेदक वास्तव’ होतं. त्याखाली चिमीने लिहिलं होतं, ‘या दोघी हसतात याचा मला आधी राग आला. पण हसणं एका जागी थांबतं. मोठी बहीण हँगरवरच्या कोटाची बटणं लावते. रिकाम्या कोटाला बटणं लावायची गरज नसते.’

सर तिथे थांबले. ते ओळ पुन्हा वाचत होते, मनातल्या मनात.

“धाकटीचं वडिलांवर प्रेम नव्हतं असं तू पुढे म्हणतेस. त्याला गोष्टीत आधार नाही,” ते म्हणाले. मग कागद टेबलावर ठेवला. “पण लिखाण हिचंच आहे. आधीचंही हिचंच असणार. मी माझं म्हणणं मागे घेतो.”

मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला: जुन्या निबंधात बाईंचा शब्द आहे, म्हणून त्याऐवजी आजचा कागद धरायचा. शिफारसपत्र मिळेल. गुण मात्र कमी पडले, आणि पहिला नंबर गेला. वडिलांनी कुणाचे आभार मानले नाहीत. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते तिला घेऊन गेले.

त्यानंतरचे दिवस बाईंनी कसेबसे काढले. दुसरी मुलं येत. पण कुणी एखाद्या शब्दावर अडलं की बाईंच्या जिभेवर आलेला शब्द त्या गिळून टाकत. मुलं ताटकळत, वैतागत. एक मुलगा तर म्हणाला, “बाई, तुम्ही रागावलात का?”

मग एका संध्याकाळी जिन्यावर दोघांची पावलं वाजली. चिमी मान वाकवून आत आली, मागे वडील.

“मी बसून बघणार आहे,” ते म्हणाले. “तुम्ही नक्की काय करता ते.”

बाईंनी त्यांना स्टूल दिलं. चिमीने कोटाचा निबंध आणि मासिकातल्या त्या गोष्टीची झेरॉक्स बाहेर काढली. बटणांची ओळ आली, तसे वडील खाकरले.

“मध्ये बोलतोय,” ते म्हणाले, “पण बटणं लावली नाहीत तर कोट हँगरवरून घसरतो. म्हणून लावतात.”

चिमीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओठ मिटून घेतले होते. खाली खिळे ठोकणं चालू होतं.

“पण बाबा,” चिमी हळूहळू म्हणाली, “बाकीचे कपडे त्या गोणीत कोंबतात. हा घसरला तर काय बिघडलं? म्हणजे हा तिला टाकायचा नाहीये. तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही.”

वडिलांनी हात पुढे केला, गोष्टीचं पान मागून घेतलं आणि खिशातला चष्मा काढून वाचायला लागले. चिमीने आपली बटणांची ओळ खोडली आणि खाली नवी लिहायला घेतली.