खारेमामांनी गिळलेली चिमूट

खारेमामा घर जिभेने बघायचे. दाराआडच्या कोपऱ्यात खिळ्याने भिंत खरवडायची, भुकटीची चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि मग अंगणात जाऊन थुंकायचं. खाडीची रेती वापरली असेल तर भिंत खारट लागते, आतली सळई गंजते आणि एक दिवस स्लॅब खाली येतो, हे आमच्या डहाणूकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चाखून सांगणारे ते एकटेच. जन्म गवंडीकामात गेलेला. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावरच राहिलं.

टोकन देण्याआधी लोक त्यांना घेऊन जायचे. मामा म्हणायचे, "नवरी बघायला धा मानसं जातात, आनि घर बघायला एकटाच जातो, रंग बघून येतो." घरमालकाने चहा पुढे केला की हात जोडायचे. "आधी घर. चहा पिल्यावर भिंतीला वाईट बोलता येत नाय."

घरात शिरण्याआधी ते शेजारच्या बायकांशी गप्पा मारायचे. पाणी कुठे तुंबतं, आधीचे लोक का गेले, सगळं तिथेच कळायचं. गंजाडला एका घरमालकाने टोमणा मारला होता, "काय मामा, घरात मीठ संपलं का?" मामा थुंकून म्हणाले, "माझ्या संपलं असंल, तुझ्या भिंतीत ढीग हाय." तो व्यवहार तिथेच मोडला. घर घ्यायला आलेला माणूस पुढे दर दिवाळीला मामांकडे फराळ घेऊन यायचा.

माझं घर सरावलीला होतं. मागची खोली मी नंतर वाढवली, तेव्हा मामा तलासरीला कामावर होते. ठेकेदाराने खाडीची रेती आणली. स्वस्तात होतंय म्हणून मी बघून न बघितल्यासारखं केलं. चार वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटू लागले. पुढे नोकरी वापीला गेली आणि मी पोपडे लिंपून घर विकायला काढलं. घ्यायला आल्या तलासरीच्या एक नर्सबाई, म्हाताऱ्या आईला घेऊन राहणार होत्या. "तुमचं घर आवडलं," त्या म्हणाल्या, "पण मामांना दाखवल्याशिवाय नाही."

आदल्या दिवशी मी मामांकडे गेलो. माझे वडील वारले तेव्हा याच माणसाने मला सावरलं होतं. तीच ओळख मी वापरली.

"मामा, मागच्या खोलीबद्दल उद्या काही बोलू नका."

"तिथं झोपनार कोन?"

"बाईंची आई."

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, "त्या राहायला यायच्या आत स्लॅब पाडून नवा घालून देतो. शब्द देतो."

"घालशील ना रे बाळू?"

"घालीन, मामा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या खोल्या नेहमीसारख्या पाहिल्या. मग मागच्या खोलीत गेले, खरवडलं, चिमूट जिभेवर ठेवली. बाई समोर उभ्या होत्या. मामा अंगणात गेले नाहीत. त्यांनी ती चिमूट गिळली. "बरं हाय, बाई," म्हणाले. त्या दिवशी घर बघून झाल्यावरही त्यांनी चहा घेतला नाही.

मी स्लॅब घातला नाही. रंग तेवढा दिला.

आमच्या या पट्ट्यात जमीन अधूनमधून गुरगुरते. भांडी वाजतात, लोक बाहेर येतात, परत आत जातात. दुसऱ्या वर्षी अशाच एका हादऱ्यात मागच्या खोलीतला स्लॅबचा मोठा तुकडा सुटला आणि आजींच्या कमरेवर पडला. त्या पुन्हा चालल्या नाहीत.

मामांचा फोन आला. "बाळू, घातला नव्हतास?" "नाही, मामा." त्यांनी फोन ठेवला.

मग ते बाईंच्या दारात गेले आणि एवढंच म्हणाले, "माझं चुकलं." माझं नाव घेतलं नाही. सत्तरीच्या त्या माणसाने महिनाभर खपून नदीच्या रेतीत तो स्लॅब नव्याने घातला. गावात मात्र एकच बोलणं, "म्हाताऱ्याची जीभ गेली." मासळीबाजारात पोरं विचारायची, "मामा, हे सुकट खारं हाय का गोडं?" मामा हसायचे. त्यानंतर त्यांना घर दाखवायला कुणीही नेलं नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी वापीहून आलो. बाईही आल्या होत्या. मला म्हणाल्या, "वयामुळे चुकले हो. तुम्हाला तरी काय ठाऊक असणार!" मी मान हलवली. स्मशानातून थेट वापीला निघून गेलो.

तेराव्याला मात्र परत आलो आणि बाईंच्या ओट्यावर उभं राहून सगळं सांगितलं. मामा चुकले नव्हते, त्यांना खारट लागलं होतं. माझ्या शब्दावर विसंबून ते गप्प राहिले. आतून आजींचा आवाज येत होता, "कोण आलंय गं?"

बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मामा हसत होते बाजारात, तेव्हा का नाही आलात?"