घाटनदेवीचा नारळ
अंबडच्या सिग्नलला एखादा ट्रक कचकन थांबला की तापलेल्या ब्रेकचा जळका वास येतो आणि मी थेट कसारा घाटाच्या तोंडाशी जाऊन पोचते. वडील नाशिकहून मुंबईला कांद्याचा ट्रक न्यायचे. घाट उतरण्याआधी घाटनदेवीला नारळ फोडायचा, आणि ज्याने तो घरापासून मांडीवर आणला त्याच्याच नावाने फोडायचा, असा आमच्या गाडीचा नेम होता. सुट्टीत केबिनमध्ये दरवेळी ताईच बसायची. त्या खेपेला तिला गोवर निघाला आणि नारळ एकदाचा माझ्या मांडीवर आला. इगतपुरीपर्यंत मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. देवळापाशी धुक्यात ट्रकांची रांग लागली होती. ओल्या कांद्याच्या वासात उदबत्तीचा वास मिसळला होता. वडिलांनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि ताईचं नाव घेऊन फोडला. "ती आजारी हाय ना," एवढंच म्हणाले. पुढे उतारावर त्यांनी दरीतली जुनी वाट दाखवली. "माझा आजा हितून बैलगाडी उतरवायचा. गाडीला ब्रेक कुठला, मागं लाकडाचा ओंडका बांधायचा. तुझ्या ताईला ठाऊक हाय समदं." हातातलं प्रसादाचं खोबरं मी खिडकीतून दरीत भिरकावलं. आता ताई समृद्धीच्या बोगद्यातून भुर्रकन मुंबईला जाते. मी अजून जुन्या घाटानेच उतरते, घाटनदेवीपाशी नारळ पुढे करते आणि पुजाऱ्याने विचारायच्या आत माझं नाव सांगते.