गळ्यातला उजेड

भगवंतराव देऊळगावकरांनी काचीगुड्याच्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात ते दिवसातून पन्नासदा "बोलू नका" म्हणत. त्याचा अर्थ "हळू बोला" एवढाच असतो, हे पोरांइतकंच त्यांनाही मान्य होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. तो परत आलाय का, हे पाहायला पेट स्कॅन काढायचा होता. मलकपेठच्या सेंटरमध्ये इंजेक्शन दिल्यावर नर्स म्हणाली, "एक घंटा बात नक्को, मास्टरसाब." का, ते तिने सांगितलं नाही. मास्तरांनी शिस्त पाळली. कोणाला त्रास नको म्हणून पुटपुटतच पावकी म्हटली, निमकी म्हटली, आणि औटकीत, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्यात, बाराला पोचले तेव्हा आतून बोलावणं आलं.

रिपोर्टात पोट स्वच्छ निघालं. गळ्यात मात्र दोन ठिपके लख्ख पेटलेले. खाली लिहिलेलं : तपासून घ्यावे.

भगवंतरावांनी त्याच क्षणी बोलणं टाकलं. गळा वापरला तर आतलं वाढेल, असं त्यांनी ठरवलं. पद्मावतीबाई पन्नास वर्षं "जरा गप्प बसा हो" म्हणत आल्या होत्या. आता नवरा चहासुद्धा खुणेनं मागू लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. मास्तर मुकाट जेवले. मग मात्र त्या रडल्या.

तिसऱ्या दिवशी कोठी भागातल्या दवाखान्यात डॉक्टर त्रिवेणींनी नाकातून बारीक नळी घालून गळा आतून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"कुछ भी नहीं है. एकदम साफ." नळी काढून त्या म्हणाल्या, "इंजेक्शन के बाद बातां करे क्या?"

मास्तरांनी मान हलवली : नाही.

"खोटं!" पद्मावतीबाई म्हणाल्या. "सेंटरात मी दाराबाहेर बसले होते, तिथवर ऐकू येत होतं. पाढे म्हणत होते!"

"हळू म्हणत होतो," मास्तर म्हणाले. तीन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

डॉक्टरीणबाई हसल्या. "वो इंजेक्शन शक्कर का था. जो काम करता, वो शक्कर खाता. कॅन्सर भी खाता, आपका गला भी खाया. मशीन को इतनाच मालूम, शक्कर किधर गई. क्यूं गई, वो हमको देखना पडता."

"म्हणजे उत्तर आहे, रीत नाही," मास्तर म्हणाले. असल्या उत्तराला त्यांनी आयुष्यभर अर्धेच मार्क दिले होते. आज त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी घसा खाकरला. "बारा औट बेचाळीस."

पद्मावतीबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. काचीगुडा येईपर्यंत त्यांनी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. घराच्या पायरीशी मात्र म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमच्या तोंडाला पट्टीच लावते."

"तेरा औट," मास्तर म्हणाले, "साडेपंचेचाळीस."