कंपनीचा दुभाष्या

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या व्हॉल्व्हच्या कंपनीत सहदेव गायकवाडला त्याच्या नावाने हाक मारणारे थोडेच होते. गेटवरच्या वॉचमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्याला ‘जपान’ म्हणायचे. "ए जपान, कटिंग घेणार का?" "जपान आला का रे आज?" सहदेवला त्याचा राग नव्हता. विठ्ठलवाडीच्या ज्या चाळीत त्याच्या बापाने जन्मभर हातगाडी ओढली, तिथल्या बायका आपल्या पोरांना "तो बघ, जपानला जाऊन आलेला" असं दाखवायच्या, तेव्हा त्याला बरंच वाटायचं.

तो गेलेला ऐन तरुणपणी. कंपनीत जपान्यांची भागीदारी नुकतीच झाली होती आणि नवी मशीनं शिकून यायला काही फिटर पोरांना तिकडे पाठवलं होतं. बाकीचे मशीन शिकून आले, सहदेव भाषाही घेऊन आला. ओगावा नावाच्या वयस्कर फोरमनच्या मागे मागे फिरत, दिसेल त्या वस्तूचं नाव विचारत तो शिकला.

एकदा त्याने ओगावाला म्हटलं, "मला बुद्धाची ती मोठी मूर्ती बघायचीय. रविवारी न्याल का?" ओगावा थोडा थांबला, मान झुकवून म्हणाला, "माएमुकी नि केन्तो शिमास." सहदेवने खोलीवर जाऊन शब्दकोश काढला. सकारात्मक विचार करू, असा अर्थ होता. रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्टेलच्या पायरीवर बसून राहिला. दुपार उलटली तरी कुणी आलं नाही. सोमवारी ओगावाला हे कळलं तेव्हा तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग त्याने समजावलं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं फार वाईट दिसतं. हे वाक्य ऐकलं की समोरच्याने समजून घ्यायचं आणि विषय सोडून द्यायचा. पुढे ओगावा त्याला ती मूर्ती दाखवायला घेऊनही गेला, पण मनात आलं तेव्हा, न सांगता.

परत आल्यावर सहदेव फिटरच राहिला. मात्र जपानी पाहुणे आले की त्याला निळा गणवेश उतरवून सफेद शर्ट घालावा लागे. टेबलावर दोन छोटे झेंडे, फेट्यांचा खोका, नारळ, आणि पाहुण्यांच्या खुर्चीमागे अर्धं पाऊल मागे उभा सहदेव. कधी वकिलातीतले साहेब येत, कधी मंत्रालयातले. सगळे मैत्रीबद्दल बोलत आणि सहदेव ती मैत्री इकडून तिकडे पोचवत असे. त्याचा एकच नियम होता: समोरचा जे बोलला तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

कंपनीत त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे गुणाजी घाडी. मूळचा कणकवलीकडचा, राहायला शहाडला. दोघांची मशीनं शेजारी. गुणाजी आपल्या लेथला इतका जपायचा की दसऱ्याला दुसऱ्या कुणाला तिच्यावर कुंकू लावू द्यायचा नाही. सहदेवच्या लग्नात जेवणावळीची सगळी जबाबदारी गुणाजीने उचललेली, आणि गुणाजीच्या अमृताचं नाव सहदेवच्या बायकोने, मालनने सुचवलेलं.

दोन देशांच्या मैत्रीला सत्तर वर्षं झाली त्या वर्षी पेपरांत नुसता उत्सव होता. नवे करार, नवी गुंतवणूक, हस्तांदोलनाचे फोटो. त्यांच्या कंपनीचंही नाव त्यात आलं. जपानी भागीदार दक्षिणेतल्या एका राज्यात मोठा, नवाकोरा प्लँट उभारणार होते. कँटीनमध्ये त्या दिवशी जिलेबी वाटली. गुणाजीने सहदेवच्या तोंडात कोंबली. "खा रे, तुझ्या सासरचे आलेत भरभराटीला."

पावसाळा संपता संपता नोटीस लागली. नवा प्लँट सुरू होणार म्हणून डोंबिवलीचा बंद होणार होता. जो दिवाळीपूर्वी राजीखुशीने राजीनाम्यावर सही करील त्याला पूर्ण भरपाई मिळेल. जो करणार नाही त्याने पुढे कायद्याने काय मिळेल ते घ्यावं.

समजूत घालायला टोकियोहून स्वतः अध्यक्ष आले. तरुण, सडपातळ, फार नम्र माणूस. सगळ्या कामगारांना हॉलमध्ये बसवलं. एका बाजूला एचआरच्या दीप्ती मॅडम, मध्ये अध्यक्ष, आणि मागे सफेद शर्टातला सहदेव. युनियनचा पुढारी पोपट भोईर उभा राहिला. पोपट सोनारपाड्याचा, आगरी. त्याच्या आज्याची भातशेती याच एमआयडीसीत गेलेली.

"साहेबांना इचार सहदेव," पोपट म्हणाला, "नव्या कंपनीत आमच्या मानसांना घेनार का नाय? आमी घरदार सोडून जायाला तयार हाव. एवढा एकच सवाल."

सहदेवने विचारलं. अध्यक्ष खाली बघत राहिले. मग उठले, कमरेतून वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माएमुकी नि केन्तो शिमास."

हॉलमधली सगळी डोकी सहदेवकडे वळली. पहिल्या रांगेत गुणाजी होता, पुढे झुकून बसलेला. सहदेवचा जन्मभराचा नियम तोंडाशी उभा राहिला.

"साहेब म्हणतायत," तो म्हणाला, "सकारात्मक विचार करू."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. अध्यक्षांना टाळ्या का वाजल्या ते कळलं नाही. ते गोंधळून पुन्हा एकदा वाकले, आणि टाळ्या वाढल्या.

हॉलमधून बाहेर पडल्या पडल्या सहदेवने गुणाजीला बाजूला घेतलं. कंपाउंडबाहेरच्या टपरीमागे नेऊन त्याने सांगितलं, "गुण्या, तो नाही म्हणाला."

"काय?"

"ते लोक असंच नाही म्हणतात. हे वाक्य म्हणजे विषय संपला. तू सही करून टाक."

"मग हॉलमध्ये का नाही बोललास?"

"त्याने जे शब्द वापरले तेच मी सांगितले."

"शब्द? अरे, माणसं घरी जाऊन बायकापोरांना पेढे देतील आता. आणि तू मला शब्द सांगतोस?"

"चुकलं माझं. म्हणून तर तुला सांगतोय."

गुणाजीने वळून हॉलच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "पण तो एवढा वाकला रे सहदेव. एवढा मोठा माणूस एवढा वाकून खोटं कशाला बोलेल?"

"खोटं नाही बोलला तो. त्यांच्या भाषेत त्याने स्पष्टच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सहदेव स्वतः पोपटकडे गेला. गेटवर धरण्याचा मंडप बांधायचं काम चालू होतं. त्याने चारचौघांत तेच सांगितलं. पोपटने बांबू खाली ठेवला.

"काल येक बोललास, आज येक बोलतस. मॅडमचा फोन आला वाटते घरी?"

"पोपटशेठ, मी कशाला..."

"आमी निराश झालो तं पटापट सह्या करू. कंपनीला तेच पायजे. आनी तुला कंपनीने पढवून पाठवला. जा, सांग तुज्या जपान्याला, एक पन मानूस सही नाय करनार."

मॅडमनीही त्याच दुपारी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "गायकवाड, तुम्ही बाहेर काय सांगत फिरताय? साहेब विचार करू म्हणाले. तुम्ही तुमचे अर्थ लावू नका." सहदेव तिथून बाहेर आला तेव्हा त्याला कुठल्याच बाजूला उभं राहायला जागा उरली नव्हती.

दिवाळी तोंडावर आली. घरी मालनच्या दोन्ही किडन्या अधू, डॉक्टरांकडच्या फेऱ्या चालूच. आपल्याला ठाऊक असलेलं खोटं ठरेल अशी आशा धरायला सहदेवकडे जागा नव्हती. त्याने सही केली. अगदी मोजक्या लोकांनी केली, त्यात तो पहिला. हिशेब घेऊन बाहेर पडताना मंडपातून कुणी शिवी दिली नाही. सगळे दुसरीकडे बघत राहिले. गुणाजीसुद्धा.

मंडप पुढच्या पावसापर्यंत टिकला. मध्ये एकदा कंपनीचं चार ओळींचं पत्र आलं: नव्या प्लँटमध्ये स्थानिक भरती पूर्ण झाली आहे, क्षमस्व. कोर्टात तारखा पडत राहिल्या. मंडपातली माणसं एकेक करून रिक्षावर, वॉचमनच्या नोकरीवर, गावाला पांगली.

गुणाजीला मात्र चैन पडेना. दोघा जणांना घेऊन तो त्या दक्षिणेतल्या प्लँटवर गेला. जुनी ओळखपत्रं गळ्यात घालून. परत आल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तो विठ्ठलवाडीला सहदेवच्या दारात उभा राहिला. मालनने चहा टाकला. गुणाजीने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"आत नाही घेतलं," तो म्हणाला. "तीन दिवस गेटासमोर बसलेलो आम्ही. भाषा कळेना कुणाची. एक ट्रेलर आला रे. त्याच्यावर माझी लेथ. ताडपत्री बाजूला झालेली. दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक तसंच होतं तिच्यावर." तो थांबला. "तिला आत घेतलं."

सहदेवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गुणाजीने तो झटकला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. कप तसाच खाली ठेवून तो उठला. "येतो वहिनी," मालनला म्हणाला. ती त्यांची शेवटची भेट.

त्यानंतर गुणाजी भिवंडीकडच्या एका गोडाऊनमध्ये माल चढवायला लागला. मेच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, वयाची साठी जवळ आलेला माणूस. एका दुपारी खोक्याला टेकून बसला. विश्रांती घेतोय असं समजून कुणी उठवलं नाही. उठवायला गेले तेव्हा अंग गार पडत चाललं होतं.

शहाडला अंत्ययात्रेला मंडपातले बहुतेक सगळे आले होते. सहदेव लांब, जिन्याच्या कडेला उभा राहिला. पोपटने त्याला पाहिलं आणि पुढे गेला. तिरडी उचलायच्या आधी गुणाजीची बायको कमळाबाई बायकांतून उठून थेट त्याच्यासमोर आल्या. डोळे कोरडे होते.

"भावजी, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं वहिनी."

"तुम्ही त्यांना सांगितलंत ते त्यांनी मला सांगितलेलं. मी म्हटलं, सहदेवभावजी सांगतायत तर सही करा. ते म्हणाले, सगळ्यांसमोर बोलला असता तर केली असती; एकट्याने कसा उठू?" त्यांनी श्वास घेतला. "सगळ्यांसमोर का नाही बोललात हो?"

त्याचा नियम, दुभाष्याचं काम, दीप्ती मॅडम, सगळं सहदेवला ठाऊक होतं. त्या जिन्याशी उभं राहून सांगण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं. कमळाबाई परत जाऊन बसल्या. त्याने खांदा द्यायला पुढे होऊन पाहिलं, पण जागा मिळाली नाही.

पुढच्या वर्षात दोन देशांचं आणखी जमलं. जपानात म्हातारी माणसं फार आणि त्यांना उठवणारं-बसवणारं कुणी नाही, म्हणून इथल्या मुलींना भाषा शिकवून तिकडे पाठवायची योजना निघाली. डोंबिवलीत, कल्याणात क्लासचे बोर्ड लागले. सहदेवलाही दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. तो गेला नाही. मालन किडनीच्या आजारात वारल्यापासून तो फारसा कुठे जातही नव्हता.

एके सकाळी कमळाबाई अमृताला घेऊन त्याच्या दारात आल्या. अमृताचं नर्सिंगचं झालेलं, एका खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबत होती.

"हिला जपानी शिकवा," कमळाबाई उभ्यानेच म्हणाल्या. "क्लासवाले काय शिकवतात देव जाणे. तुम्ही शिकवा."

"बसा ना वहिनी."

"बसायला नाही आले. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, भावजी. होणारही नाही माझ्याच्याने. पण पोरीचं व्हायला पाहिजे."

सहदेवने अमृताकडे पाहिलं. "तिकडे फार एकटं पडायला होतं बाळा. काम अंगावरचं, जड. ज्यांना जीव लावशील ती म्हातारी माणसं तुझ्या डोळ्यांदेखत जातील. आणि घरी काही झालं तर पटकन येता येणार नाही. आधीच सांगतोय."

"कळलं काका," अमृता म्हणाली. "तरी शिकवा."

त्याने शिकवलं. कडक शिकवलं, चूक झाली की दहादा म्हणवून घेतलं. कुठला माणूस काय बोलला की काय समजायचं, हेही शिकवलं. अमृता परीक्षा पास झाली आणि थंडीच्या सुरुवातीला गेली. टॅक्सीत बॅगा चढवायला सहदेव शहाडला गेला होता. अमृताने वाकून दोघांना नमस्कार केला. गाडी वळली तशा कमळाबाई जिना चढून वर गेल्या आणि दार लावून घेतलं. आता घरात त्या एकट्याच.

आता सहदेवच्या विठ्ठलवाडीच्या खोलीत रोज सकाळी मुली येतात. मंडपात बसलेल्यांच्याच लेकी-सुना बऱ्याचशा. पोपटची पुतणी सान्वीही त्यात आहे. दुसरीकडे जायला सगळ्यांकडे पैसे नाहीत आणि इथे तो काही घेत नाही. त्यांना सोडायला आलेले बाप कोपऱ्यावर रिक्षा थांबवतात, मुलगी आत गेल्याचं बघतात आणि तिथूनच वळतात. सहदेव दारात उभा असतो. हात वर करायचं त्याने केव्हाच सोडून दिलंय.