मागचा पडदा

"मॅडम टेन्शन फार घेतात," सावेडीतले आमचे डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे नव्हे, नवऱ्याकडे बघून. "वजन कमी करायला सांगा, मोबाईल कमी बघायला सांगा."

मी शाळेत गणित शिकवते. वाकून खडू उचलला की क्षणभर सगळं करडं व्हायचं, कानात नाडीसारखा सूं-सूं आवाज यायचा आणि डोकं सकाळी उठतानाच ठणकत असायचं. हे सगळं मी त्यांना सांगत होते तेव्हा ते गोळ्या लिहीत होते. पुढच्या खेपेलाही टेन्शनच. कोल्हारहून आई फोनवर म्हणायची, "लई इचार करती तू." तिचं मी समजू शकत होते, ती डॉक्टर नव्हती.

मग एक दिवस फळ्यावर मीच लिहिलेले डावीकडचे आकडे मला दिसेनात. मुली म्हणाल्या, "बाई, आहेत की तिथंच!" शाळेतूनच रिक्षा करून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषध घालून आत बघितलं आणि विचारलं, "मागचा पडदा आधी कुणी तपासला नाही?"

कुणीच नाही. डोक्यातला दाब वाढून डोळ्यांच्या नसा सुजल्या होत्या.

पुण्याला मणक्यातून पाणी काढलं, औषधं दिली, तरी डावी नजर घसरतच राहिली. शेवटी त्या डोळ्याच्या नसेभोवतीच्या आवरणाला चीर देऊन दाब मोकळा केला. सुरुवातीला सगळं धुरकट, एकाचे दोन दिसायचे. मग हळूहळू रंग आले. "हिरवा शर्ट घातलास," मी म्हणाले, तर नवरा तिथंच रडायला लागला. अक्षरंही आली. डावीकडचा एक कोपरा मात्र आला नाही, येणारही नाही.

बरी झाल्यावर मी सावेडीच्या त्याच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ऐकून ते हसले. "आता दिसतंय ना? मग झालं तर!"

"नाही झालं. वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतंत तर गेलेलंही वाचलं असतं. मी सांगत होते, तुम्ही ऐकत नव्हतात."

त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट.

बाहेर बाकावर आईसोबत एक मुलगी कपाळ दाबून बसली होती. वाकल्यावर अंधारी येते का, मी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"मॅडम, पेशंटला घाबरवू नका," कंपाउंडर म्हणाला.

"घाबरवणारच," मी म्हणाले आणि तिच्या आईशेजारी जाऊन बसले.