पेन्सिलीचे ठोके

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी एक छोटी भाषा तयार केली होती. तिचा नियम एकच: प्रत्येक शब्दाची सुरुवात प, त किंवा क यांपैकी एका आवाजाने व्हायची आणि हे आवाज शब्दात पुढे कुठेही यायचे नाहीत. म्हणजे 'पालोमितासेकूना' असं सलग म्हटलं तरी ऐकणाऱ्याला पालोमि, तासे, कूना हे शब्द सुटे करता यावेत.

वाक्यं मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली आणि वर्गातल्या पाच जणांना नियम सांगून ऐकवली. नवा शब्द आला की पेन्सिलीने टेबलावर ठोका द्यायचा. एकही ठोका चुकला नाही. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "याच्या जोरावर पीएच.डी.साठी तुमची शिफारस करते." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं.

सादरीकरणाला चार दिवस उरले असताना हडपसरच्या आमच्या खोलीत मावसबहिणीने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि हसत सुटली. "अगं, वाचतेयस की दर स्टॉपला बस थांबवतेयस? नियम माहीत नसूनही मला कळतंय शब्द कुठे संपतो ते!"

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. खरंच, प्रत्येक शब्दानंतर मी किंचित थांबत होते. गावच्या शाळेत बाई शब्दाखाली बोट ठेवायला लावायच्या. शब्द पुरा झाल्याशिवाय बोट पुढे सरकू द्यायच्या नाहीत. मला वाचता येतं ते त्यांच्यामुळे. पण ठोके बरोबर पडले तेही त्यांच्यामुळेच, माझ्या नियमामुळे नव्हे.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. दोन दिवस तेच रेकॉर्डिंग ऐकत राहिले. मग मॅडमना सांगून टाकलं.

"अहो, मग रडताय कशाला? भरभर बोलणारं कोणीतरी आणा. पुण्यात तोटा आहे का?"

मावसबहिणीने तीच वाक्यं एका दमात वाचली. नवीन पाच जण बसवले. पहिल्या वाक्याला ठोके बरोबर पडले. दुसऱ्याला एकीची पेन्सिल हवेतच राहिली. मी वहीत पहिली फुली मारली.

सादरीकरणात दोन्ही निकाल मांडले. दुसऱ्यात बऱ्याच चुका होत्या.

"यातला तुमच्या भाषेचा निकाल कोणता?" मॅडमनी विचारलं.

"दुसरा."

"आणि पहिला?"

"आमच्या शाळेतल्या बाईंचा."

मॅडमनी शिफारसपत्र पुढे ओढलं आणि सहीसाठी पेनचं टोपण काढलं.