जप्तीतला बजडा

शरदिनी पाटणकर गंगेकाठच्या एका तहसील कचेरीत नाझर होत्या. जप्तीचा माल ताब्यात घ्यायचा, त्याची यादी करायची, कुलूप ठोकून सील मारायचं आणि निकाल लागेपर्यंत तो जसाच्या तसा सांभाळायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांनी ट्रॅक्टर सांभाळले, सोफे सांभाळले, एकदा तर शिव्या देणारा पोपटही सांभाळला. पण त्या फाल्गुनात त्यांच्या ताब्यात आख्खा बजडा आला. बजडा म्हणजे पर्यटकांना गंगेत फिरवणारी मोठी दुमजली नाव. तिला कुलूप कुठे लावायचं, हे कचेरीत कोणालाच सांगता येईना.

बजडा होता एका सरकारी अभियंत्याचा. गावांच्या नळयोजनेसाठी पंप घेताना त्याने जुन्याच पंपांना रंग फासून ते नवे म्हणून पास केले होते. ठेकेदाराने दिलेल्या वाट्यातून त्याने हा बजडा बांधला आणि सासूच्या नावावर केला. चौकशीत सगळं उघड झालं, आणि न्यायालयाने राजा घाटावर उभा असलेला बजडा जप्त केला.

शरदिनीबाई रामघाटावर जन्मलेल्या, तरी त्यांना पोहता येत नव्हतं. लहानपणी भाऊ पाण्यात उड्या मारायचे आणि त्या पायरीवर बसून त्यांचे कपडे राखायच्या. पंचनाम्याच्या दिवशी मात्र त्या फळीवरून जीव मुठीत धरून नावेत गेल्या, पोटावर आडव्या झाल्या आणि बॅटरीच्या उजेडात इंजिनाचा नंबर स्वतः उतरवून घेतला.

त्याच नावेवर काशीनाथ निषाद नावाचा म्हातारा नावाडी होता. जप्तीनंतर त्याचं काम सुटलं होतं. तो हसून म्हणाला, "दीदी, नावेला कुलूप नाही लागत, दोर लागतो. आणि दोराला माणूस." शरदिनीबाईंनी त्याला राखणदार नेमावं म्हणून वर तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला होकार आला.

श्रावणात गंगा चढली. एकेक पायरी पाण्याखाली जाऊ लागली, तसा काशीनाथ दोर सोडून वर वर बांधत गेला. अशात एके सकाळी अभियंत्याचा मेहुणा चार माणसं आणि एक मोटरबोट घेऊन आला. बजडा इथे धोक्यात आहे, आम्ही पलीकडच्या काठाला, रामनगरच्या बाजूला, सुरक्षित नेतो, असं त्याचं म्हणणं. काशीनाथने लगेच फोन लावला. शरदिनीबाई रामघाटाहून रिक्षाने निघाल्या, शेवटच्या गल्लीत घोटाभर पाण्यातून चालत आल्या आणि तडक नावेत चढून इंजिनाच्या झाकणावर बसल्या. नाव एकदा नजरेआड झाली की आतलं नवं इंजिन जाऊन भंगार येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मेहुण्याने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"हा तर अर्ज आहे. आदेश कुठे आहे?"

"आदेश येईपर्यंत नाव बुडाली तर जबाबदार कोण?"

"मी. म्हणून तर नावेत बसले आहे."

"पोहता येतं तुम्हाला?"

"नाही," त्या म्हणाल्या, "पण उतरणार नाही."

मेहुणा बराच वेळ वाद घालत राहिला. तोवर आजूबाजूच्या नावांवरचे नावाडी एकेक करून जवळ आले आणि बजड्याच्या दोरापाशी उभे राहिले. त्यांच्याकडे पाहून मोटरबोटवाल्यानेच आपलं इंजिन सुरू केलं आणि मेहुण्याला म्हणाला, चला साहेब, आपलं काम नाही हे. ते दिसेनासे होईपर्यंत शरदिनीबाई झाकणावरून उठल्या नाहीत. मग काशीनाथच्या सुनेने, मुक्ताने, बाटी-चोखा, म्हणजे भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसोबत वांग्याचं भरीत, आणून दिला, तो त्यांनी तिथेच बसून खाल्ला.

पूर ओसरून थंडी पडायच्या आधी त्यांनी पोहायला शिकण्यासाठी मुक्तालाच गुरू केलं. पाठीला रिकामा डबा बांधून त्या पहाटे पाण्यात उतरू लागल्या. घरी त्यांच्या यजमानांनी, मुकुलरावांनी, विचारलं, अगं, आता या वयात? त्या म्हणाल्या, पूर पुढच्या वर्षीही येणारच आहे. पंधराव्या दिवशी डबा सुटला आणि वाहत गेला. मुक्ता ओरडायच्या आत त्या चार हात मारून नावेच्या कडेला लागल्या होत्या. नंतर समजलं की गाठ मुक्तानेच सैल बांधली होती. त्यावर दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. सुनावणीत अभियंत्याच्या सासूबाईंना विचारलं गेलं, तुमचा बजडा केवढा आहे? त्या भाबडेपणाने म्हणाल्या, मला पाण्याची धास्ती, मी काही तो बघितलेला नाही. त्यांच्याच वकिलाने कपाळाला हात लावला. बजडा सरकारजमा झाला. तपासणीत इंजिनाचा नंबर पंचनाम्याशी तंतोतंत जुळला.

लिलावाची तयारी चालली होती, तेव्हा शरदिनीबाईंनी एक टिपण वर पाठवलं: पुरात पलीकडच्या गावांत डॉक्टर पोचत नाही, नाव आहे, नावाडीही आहे. यावेळी एकाच पत्रात काम झालं. आषाढात बजडा दवाखाना होऊन निघाला आणि काशीनाथ सुकाणूवर पगारी नोकर म्हणून बसला. पहिल्या फेरीला तरुण डॉक्टरीण कठडा घट्ट धरून बसली होती. शरदिनीबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तिला बेसनाचा लाडू दिला आणि पैलतीरावर पोरं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायका दाखवू लागल्या.